वाचक विचारतात: मॉरिशसमध्ये फिरायचं कसं?

मॉरिशसबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. तिकिटं झाली, हॉटेल झालं, भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो हेही सगळ्यांना माहितीये, पण हॉटेलच्या गेटबाहेर पडल्यावर पुढे काय, हे कोणीच सांगत नाही. त्यातली चार पत्रं घेतलीत.

आम्ही तिघं जुलैत सात रात्रींसाठी जातोय, मी, मिस्टर आणि सासूबाई (वय ७१, गुडघे दुखतात). सातही रात्री ग्राँ बेला बुकिंग आहे. एजंट म्हणतो रोज गाडी घ्या, भाऊ म्हणतो एवढंसं तर बेट आहे, बसनं होईल सगळं. कोणाचं ऐकू? (एक वाचक, नाशिक)

ताई, दोघांचंही थोडं थोडं ऐका, पण त्याआधी ते सात रात्रींचं बुकिंग बदलता येतंय का बघा. सगळी गोम तिथेच आहे.

बेट लहान आहे हे खरंच, उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर आणि रुंदी ४५, म्हणजे तुमच्या नाशिक-शिर्डीपेक्षाही कमी. पण मोठा हायवे एकच, आग्नेयेला एअरपोर्ट आहे तिथून निघून राजधानी पोर्ट लुईवरून वर ग्राँ बेकडे जाणारा. बाकी सगळे गावातून आणि उसातून जाणारे दोन पदरी रस्ते, मधे डोंगर, दर थोड्या अंतरावर गोल चौक. ग्राँ बे अगदी उत्तरेला, आणि शामारेलची सात रंगांची माती, ल मॉर्नचा डोंगर, गंगा तलाव हे सगळं खाली नैर्ऋत्येला आणि दक्षिणेला. सकाळी निघून शामारेलला पोचेपर्यंत दोन तास जातात, येताना पोर्ट लुईच्या ट्रॅफिकमधे अडकलात तर अजून जास्त, आणि तेवढा वेळ सासूबाई गुडघे दुमडून गाडीत. म्हणून चार रात्री ग्राँ बे आणि तीन रात्री पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाक किंवा दक्षिणेला ब्लू बे असं करा. ब्लू बे शेवटी ठेवलंत तर परतीच्या दिवशी एअरपोर्ट अगदी जवळ.

आता बस. मला स्वतःला मॉरिशसची बस फार आवडते आणि एकदा तरी बसाच. ग्राँ बेहून पोर्ट लुईला दिवसभर बस असतात, कंडक्टर जागेवर येऊन तिकीट देतो, सुटे पैसे जवळ ठेवा आणि ते चिटोरं उतरेपर्यंत टाकू नका, मधेच चेकर चढतो. उतरायचं असलं की घंटीचं बटण दाबायचं. एक अडचण म्हणजे बोर्डावरची नावं फ्रेंच स्पेलिंगची, आपण वाचतो 'क्युरेपिपे' आणि माणसं म्हणतात 'क्युरपिप', आपण वाचतो 'माहेबर्ग' आणि कंडक्टर ओरडतो 'माहेबूर', त्यामुळे पहिल्या दिवशी मी बस समोरून जाऊ दिली होती. हॉटेलातल्या कोणाकडून तरी जायच्या गावांची नावं एकदा तोंडानं म्हणून घ्या.

उत्तरेकडून येणारी बस पोर्ट लुईत जिथे उतरवते त्या स्टँडचं नावच इमिग्रेशन स्क्वेअर, आणि त्याला लागूनच आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून साडेचार लाखांच्या वर मजूर भारतातून करारावर इथे उतरले, त्यात रत्नागिरी, सावंतवाडीकडची आपली माणसंही होती. २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. समुद्राच्या बाजूनं वर येणाऱ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या अजून आहेत, झिजलेल्या, मधोमध खोलगट. तिथे घाई करू नका. मी गेले तेव्हा बसमधे शेजारी एक आजी बसल्या होत्या, त्यांनी माझ्या कपाळावरची टिकली बघून क्रिओलमधे, म्हणजे तिथल्या फ्रेंचवरून आलेल्या बोलीत, काहीतरी विचारलं, मला कळेना, मग हळूच म्हणाल्या, 'मराठी? मी पण मराठी.' पुढचं बोलणं सगळं हातवारे आणि मोडकंतोडकं इंग्लिश, घरात आता क्रिओलच बोलतात, पण गणपती बसवतात आणि त्या दिवशी सगळ्या देशाला सुट्टी असते हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. टॅक्सीत हे झालं नसतं.

पण सासूबाईंसाठी बस नको, पायऱ्या उंच आहेत आणि ड्रायव्हर थांबून राहत नाहीत. त्यांच्यासाठी मेट्रो घ्या. २०२० मधे सुरू झाली, आपल्या एल अँड टीनं बांधली, पोर्ट लुई ते क्युरपिप साधारण २६ किलोमीटर, पाऊणएक तास, आणि डबा प्लॅटफॉर्मच्या लेव्हललाच असतो, पाय उचलायला लागत नाही. वाटेत काट्र बॉर्नला गुरुवारी आणि रविवारी कपड्यांचा बाजार भरतो. मेट्रो समुद्रकिनाऱ्याला मात्र कुठेच जात नाही, तेवढं लक्षात ठेवा. आणि बाजारात डाळपुरी खा, दोन पातळ पुऱ्या एकावर एक, त्यात वालाच्या जातीच्या दाण्यांची भाजी, चटणी, आणि कागदात गुंडाळून हातात. आपल्या पुरणपोळीसारखी मऊ, फक्त गोड नाही.

दक्षिणेचे दोन दिवस तेवढी टॅक्सी करा. मीटर लावत नाहीत, उबर-ओला तिथे नाही, म्हणून बसायच्या आधी सगळं बोलून घ्यायचं: कुठे कुठे जायचं, किती वाजेपर्यंत, थांबायचे पैसे धरून का, आणि 'दुकानात न्यायचं नाही.' हे शेवटचं वाक्य मी बोलले नव्हते, आणि आमचा अर्धा दिवस जहाजांच्या मॉडेलच्या एका शोरूममधे आणि दुसऱ्या दागिन्यांच्या शोरूममधे गेला, गंगा तलावाला पोचलो तेव्हा धुकं उतरलं होतं आणि तिथली ३३ मीटरची मंगल महादेवांची मूर्ती कमरेपर्यंतच दिसली. अजून रुखरुख आहे मला त्याची. हॉटेलच्या डेस्कवरून बोलावलेली टॅक्सी महाग पडते, एकदा चांगला ड्रायव्हर सापडला की त्याचाच नंबर घेऊन ठेवा.

गाडी भाड्यानं घेऊन स्वतः चालवायचा विचार आहे. आपलं लायसन्स चालतं का, रस्ते कसे आहेत? (एक वाचक, ठाणे)

रस्ता डाव्या बाजूचाच, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे हात लगेच बसतो. लायसन्स इंग्लिशमधे असलं तरी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढूनच जा, एजन्सीवाला किंवा पोलीस काय मागेल याची चिंता राहत नाही. डिपॉझिटसाठी बहुतेक ठिकाणी क्रेडिट कार्डवर रक्कम अडकवतात, तेवढी लिमिट मोकळी ठेवा. गाडी घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, आधीचे ओरखडे त्यांच्या कागदावर लिहून घ्या.

खरी सवय करायची ती गोल चौकाची. चौकात आधीच असलेल्याला, म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला, जाऊ द्यायचं, आणि तिथे लोक ते खरोखर पाळतात, आपल्यासारखं नाक घुसवलंत तर ठोकाल. हायवेला काही ठिकाणी ११० ची लिमिट, गावात शिरलं की एकदम खाली, आणि कॅमेरे आहेत. अंधार पडल्यावर उसातले रस्ते टाळा हो. दिवे नाहीत, कडेला साईडपट्टी नाही, माणसं आणि कुत्री रस्त्यावरच चालतात, आणि जूनपासून वर्षअखेरपर्यंत ऊसतोडीचे ट्रक असतात. महाशिवरात्रीच्या आसपास जात असाल तर गंगा तलावाच्या बाजूला गाडी नेऊच नका, बेटभरातून लोक कावड घेऊन चालत येतात आणि त्या दिवसांत रस्ता त्यांचा असतो.

मी एकटी जातेय, वय २८. संध्याकाळी बसनं फिरणं सेफ आहे का? (एक वाचक, पुणे)

दिवसा अगदी बिनधास्त फिर. शाळेची मुलं, बाजारातून येणाऱ्या बायका, ऑफिसवाले, बस भरलेली असते आणि एकट्या बाईकडे कोणी वळून बघत नाही. प्रश्न सेफ्टीपेक्षा शेवटच्या बसचा आहे. गावाकडच्या रूटवर साडेसहा-सातला बस संपते, शहरांमधे थोडी उशिरापर्यंत. हिवाळ्यात, म्हणजे तिथल्या जून-जुलैत, पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि सूर्यास्त बघत बसलं की बस गेलीच समज. माझी माहेबूरला अशीच गेली होती, स्टँडवर एक टॅक्सी उरली होती आणि त्यानं सांगितला तो भाव मुकाट्यानं द्यावा लागला. म्हणून उतरताना कंडक्टरलाच विचारायचं, परतीची शेवटची किती वाजता, आणि तिच्या एक आधीची पकडायची. ईल ओ सेर्फ या छोट्या बेटावर जाणार असशील तर त्रू दो दूसहून बोट असते, तिथेही परतीच्या बोटीची वेळ आधी पक्की कर, कारण बोट चुकली की पुढची बसही चुकते.

पैशांचं म्हणशील तर फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय तिथे सुरू झालंय, पण ते दुकानात, हॉटेलात. बस आणि डाळपुरीवाल्यासाठी मॉरिशियन रुपयांची चिल्लर हवीच.

लग्न डिसेंबरात आहे, जानेवारीत हनिमूनला मॉरिशस. वादळांचं ऐकलंय, त्यात अडकलो तर? (एक वाचक, कोल्हापूर)

अभिनंदन! नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा सीझन आहे, जानेवारी-फेब्रुवारी त्यातले जोराचे महिने. दर वर्षी मोठं वादळ येतंच असं नाही, पण १५ जानेवारी २०२४ ला बेलाल आलं तेव्हा पोर्ट लुईत पाणी शिरून रस्त्यावरच्या गाड्या वाहून गेल्या होत्या.

तिथे इशाऱ्याचे एक ते चार वर्ग असतात. एक-दोनला नुसतं रेडिओकडे आणि हॉटेलच्या नोटीसबोर्डाकडे लक्ष ठेवा, लांबचा प्लॅन काढू नका. तीनचा वर्ग लागला की बस, दुकानं, ऑफिसं बंद होत जातात, आणि त्या वेळी तुम्ही शामारेलच्या घाटात असता कामा नये. दोनचा वर्ग लागला त्याच दिवशी भाड्याची गाडी सखल जागेतून हलवून हॉटेलच्या उंच पार्किंगला लावा, टाकी भरून घ्या. विमानं पुढे ढकलली जातात, म्हणून परतीनंतर लगेच दुसऱ्या दिवशी ऑफिस गाठायचं असं ठेवू नका, मधे दोन दिवस मोकळे असू द्या आणि विमा काढताना वादळामुळे राहिलेल्या रात्रींचा खर्च त्यात येतो का हे एजंटकडून लेखी घ्या.