संध्याकाळच्या एका रिपोर्टवर इंजेक्शन नको

प्रश्न : मॅडम, माझं वय ३८. गेलं वर्षभर मी घरात कुणाशी धड बोलत नाही. मुलाच्या हातून पाण्याचा ग्लास सांडला तरी अंगावर ओरडतो आणि मग रात्री त्याच्या उशाशी बसून राहतो. ऑफिसात दुपारी डोळे मिटतात. दोन वर्षांत वजन १४ किलोंनी वाढलं. बायकोजवळ जावंसंच वाटत नाही, हे लिहायलाही लाज वाटते. ताप उतरल्यावर चार दिवसांनी, संध्याकाळी रक्त तपासलं तर टेस्टोस्टेरॉन २६२ आलं. जिममधला मित्र म्हणतो, इंजेक्शनं सुरू कर, महिनाभरात माणूस बदलेल. आम्हाला दुसरं मूल हवं आहे. मी खूप घोरतो आणि झोपेत मध्येच श्वास थांबतो, असं बायको सांगते. माझा राग हार्मोनमुळेच आहे का? इंजेक्शन घेऊ का?

उत्तर : इंजेक्शन घेऊ नका. तुम्हाला मूल हवं आहे, म्हणून हे आधी सांगते. टेस्टोस्टेरॉन बाहेरून मिळू लागलं की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी वृषणांना काम सांगायचं थांबते. शुक्रजंतू बनण्यासाठी वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनची पातळी रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त लागते. ती इंजेक्शनने भरून निघत नाही, तिथेच तयार व्हावी लागते. त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट झकास येतो आणि शुक्रजंतूंची संख्या मात्र घटते, काहींची तर शून्यावर जाते. औषध बंद केल्यावर ती परत यायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाच्याही वर. मूल होत नाही म्हणून माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांमध्ये असे पुरुष भेटतात. सुई टोचण्याआधी त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं, आणि याचा मला दरवेळी तितकाच राग येतो.

आता तो २६२चा आकडा. ३०० नॅनोग्रॅमच्या खाली पातळी कमी धरतात हे खरं, पण ते सकाळच्या रक्ताबद्दल. हे हार्मोन पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरत जातं. खाण्याने ते उतरतं, तापाने तर चांगलंच खाली जातं. तुमचं रक्त घेतलं गेलं आजारातून उठल्याबरोबर, तेही संध्याकाळी. तीन-चार आठवडे जाऊ द्या. मग सकाळी ७ ते १० या वेळेत, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासणी करा. सोबत एसएचबीजी करून घ्या. हे टेस्टोस्टेरॉनला रक्तात वाहून नेणारं प्रथिन आहे. वजन वाढलं की ते घटतं, आणि मग शरीराला वापरता येणारं हार्मोन पुरेसं असूनही एकूण आकडा कमी दिसतो. दोन्ही सकाळी पातळी कमीच निघाली तर एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन ही पियुषिकेतून येणारी हार्मोन्स तपासायची. बिघाड वृषणात आहे की वर मेंदूच्या बाजूला, ते त्यावरून कळतं.

रागाचं म्हणाल तर, टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी असेल तर माणूस चिडका होतो, खिन्न राहतो, लक्ष लागत नाही, अंगात जोर राहत नाही. पण यातली प्रत्येक गोष्ट अपुऱ्या झोपेने होते, थायरॉइडने होते, रक्त कमी असल्याने होते, नैराश्याने तर होतेच. हार्मोनकडे जास्त खात्रीने बोट दाखवणाऱ्या खुणा वेगळ्या आहेत : इच्छा कमी होणं, आणि सकाळी जाग येताना लिंगाला येणारी ताठरता जवळजवळ बंद होणं. हे पुरुष आपणहून सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत. मीही एकदा विचारलं नव्हतं. चाळिशीतला एक कारागीर दोन वर्षं नैराश्याच्या गोळ्या घेऊन माझ्याकडे आला. पहिल्या भेटीत मी वजन, साखर, झोप सगळं लिहून घेतलं, एवढंच राहिलं. दुसऱ्या वेळी दाराच्या कडीवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मॅडम, ते सगळं दोन वर्षांपासून बंदच आहे." प्रोलॅक्टिन खूप वाढलेलं निघालं, पियुषिकेत छोटी गाठ होती. गोळ्यांनी ती आक्रसली. तेव्हापासून मी प्रत्येक पुरुषाला हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारते. तुम्ही न विचारता लिहिलंत, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. निदानाला त्याचीच सर्वांत जास्त मदत होणार आहे.

तुमच्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य मात्र मी तीनदा वाचलं. घोरणं, झोपेत श्वास थांबणं, दुपारची पेंग, वाढलेलं वजन : मला पहिला संशय झोपेत पुन्हापुन्हा श्वास थांबण्याच्या आजाराचा, म्हणजे स्लीप अॅप्नियाचा येतो. टेस्टोस्टेरॉन मुख्यतः झोपेतच चढतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री फक्त ५ तास झोपू दिलं, तर दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी घसरली. तुमची झोप तर रात्रीतून कितीदा तुटत असेल. त्यात पोटावरची चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. म्हणून आधी झोपेची तपासणी करून घ्या, सोबत साखर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन. वजन उतरलं की बऱ्याच जणांची पातळी औषधाशिवाय वर येते. शिवाय इंजेक्शनने अॅप्निया बळावू शकतो आणि रक्त घट्ट होऊ शकतं, हे दुसरं कारण.

दोनदा तपासूनही पातळी कमीच राहिली, तर मूल हवं असताना देता येतील अशी वेगळी औषधं आहेत. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायची. आणि महिनाभरात माणूस बदलेल, ही आशा ठेवू नका. पासष्टीपुढच्या ७९० पुरुषांवरच्या चाचण्यांचे निकाल २०१६ साली आले. त्यात टेस्टोस्टेरॉनने लैंगिक इच्छा वाढली, मनःस्थिती थोडीशीच सुधारली, आणि थकव्यात ठळक फरक पडला नाही.

जगणं नको असं कधी वाटलं तर मात्र कुठल्याही रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.

झोपेच्या तपासणीला जाताना पत्नीला सोबत न्या. तुमचा श्वास किती वेळ थांबतो हे तुम्हाला माहीत नाही, त्यांनी जागून पाहिलं आहे. आणि तुम्ही गाडी चालवत असाल तर निदान होऊन उपचार सुरू होईपर्यंत लांबच्या प्रवासाला स्वतः चाकामागे बसू नका, मूल मागच्या सीटवर असताना तर नाहीच.