तत्त्वज्ञान पटतं, पण वेळेवर आठवत नाही

प्रश्न : स्टोइक हे प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञान वाचते, वाचताना पटतंही. पण साहेबांनी सगळ्यांसमोर चूक काढली की दिवसभर धुमसत राहते. मग वाचनाचा उपयोग काय?

उत्तर : पटलेलं ऐन वेळी आठवायला लिहिण्याचा सराव लागतो. माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनेबद्दलची त्याची मतं करतात, असं गुलामगिरीत जन्मलेला स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस सांगे. अमेरिकी मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास याच विचारावर उपचारपद्धती उभी केली. मराठी वाचकांपर्यंत ती मुख्यतः कि. मो. फडके यांच्या लेखनातून पोहोचली.

त्या पद्धतीप्रमाणे वहीच्या पानावर तीन रकाने आखा : घटना, समज, परिणाम. सुरुवात शेवटच्या रकान्यापासून करा, कारण ‘राग आला, जेवण गेलं नाही, घरी मुलावर ओरडले’ हे चटकन आठवतं. मग घटना. तिथे कॅमेऱ्यात टिपलं जाईल तेवढंच लिहायचं : ‘बैठकीत साहेब म्हणाले, तिसऱ्या पानावरची बेरीज चुकली आहे.’ ‘साहेबांनी माझा अपमान केला’ हे मत झालं. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. मत घटनेत शिरलं की तपासायला काही उरतच नाही.

मधला रकाना सर्वांत अवघड. तिथे आधी ‘असं कसं बोलले ते?’ हा प्रश्न येईल. त्याचं विधान करा : ‘त्यांनी मला एकटीलाच सांगायला हवं होतं, चारचौघांत बोललेलं मी सहनच करू शकत नाही.’ आता याला तीन प्रश्न विचारा. सहन करू शकत नाही याला पुरावा काय? मला एखादी गोष्ट हवी आहे म्हणून ती झालीच पाहिजे का? हे धरून ठेवून माझं काय भलं होतं? उत्तरं पूर्ण वाक्यांत लिहा, मनातल्या मनात देऊ नका.

शेवटी नवं विधान : ‘एकटीला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही, मला वाईट वाटलं, पण हे मी सोसू शकते.’ ‘मला काही फरक पडत नाही’ असं मात्र लिहू नका. ते खोटं असतं आणि मन ते स्वीकारत नाही. संतापाची नाराजी झाली तरी पुष्कळ झालं.

त्याच रात्री, एकच घटना, पंधरा मिनिटं. रोमन स्टोइक तत्त्वज्ञ सेनेकाही रोज रात्री दिवा मालवल्यावर आपल्या दिवसाची अशीच झडती घेई. सुरुवात चुकलेल्या लोकलसारख्या किरकोळ चिडचिडीपासून करा. पहिल्याच आठवड्यात वर्षानुवर्षांचं भांडण घेतलं की वही बंद पडते.

प्रश्न : साहेब खरंच अन्याय करत असतील तर? गप्प बसायचं?

उत्तर : मुळीच नाही. साहेबांचा स्वभाव आपल्या हातात नाही, आपलं बोलणं आहे. वही लिहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं मागून घ्या : ‘सर, पुढच्या वेळी बैठकीआधी सांगाल का?’ रागात गेलात तर जुनी सगळी गाऱ्हाणी बाहेर येतात आणि मुद्दा बाजूला पडतो. शिवीगाळ होत असेल तर तारीखवार नोंद ठेवून लेखी तक्रार करा. आणि झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली असेल तर वहीवर विसंबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.