शेतात टॉवरच्या खुंट्या मारल्यात? पाया खणण्याआधी हे करा

प्रश्न : सांगोला तालुक्यातल्या माझ्या शेतातून 220 केव्हीची (किलोव्होल्ट) वीजलाइन जाणार आहे. डाळिंबाच्या बागेत, विहिरीला लागूनच खुंट्या मारल्यात. मी संमती दिलेली नाही. काम थांबवता येईल का?

उत्तर : लाइन थांबवणे अवघड आहे, टॉवर सरकवून घेणे शक्य आहे. पण पाया खणला की तेही संपले.

आधी लाइन टाकणाऱ्या कंपनीकडे विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 164 खालच्या आदेशाची प्रत मागा. तो असेल तर कंपनीला 1885 च्या तार कायद्याचे अधिकार मिळतात आणि तुमची पूर्वसंमती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने पॉवर ग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स या डिसेंबर 2016 च्या निकालात हेच म्हटले आहे. आदेश नसेल तर मालकाची संमती, आणि तुमची हरकत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी हवी. विद्युत अधिनियमाच्या कलम 68 ची मंजुरी पुढे केली तर फसू नका. ती लाइन उभारण्याची आहे, तुमच्या शेतात शिरण्याची नव्हे.

आता टॉवरचे. सर्व्हेत गावठाण, वनजमीन टाळत आधी वळणाचे बिंदू पक्के होतात. दोन वळणांमधले टॉवर मग सरळ रेषेत, साधारण 350 मीटरवर, चढउतार बघून बसवतात. तुमचा टॉवर वळणाचा की सरळ रेषेतला, हे सर्व्हेअरला विचारा. सरळ रेषेतला असेल तर रेषेतच काही मीटर पुढे-मागे, बांधावर मागा. तारेचा झोळ जमिनीपासून सुमारे सात मीटर वर राहिला आणि शेजारच्या गाळ्यावर (दोन टॉवरमधल्या टप्प्यावर) ताण आला नाही, तर अभियंत्याला नाही म्हणायला फारसे कारण उरत नाही. बाजूला सरकवा म्हणालात तर रेषा मोडते, ताण घेणारे जड टॉवर लागतात, खर्च वाढतो आणि अर्ज सहसा फेटाळला जातो.

अर्जात गट क्रमांक, टॉवर क्रमांक, विहिरीपासूनचे मोजलेले अंतर लिहा आणि हवी ती जागा मोजणी नकाशावर दाखवा. एक प्रत कार्यकारी अभियंत्यांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना. दोन्हींची पोच घ्या. खुंट्या मात्र उपटू नका. अडवणूक झाली की कंपनी तार कायद्याच्या कलम 16(1) खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, आणि तिथे तुमचा पर्याय ऐकला जायला हवा, खुंट्यांची तक्रार नव्हे.

मोबदल्यात लोक टॉवरपुरतेच बघतात आणि तिथेच नुकसान होते. जून 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जागेला (चारही बाजूंना एक मीटर वाढवून) जमिनीच्या मूल्याच्या 200 टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला 30 टक्के धरले आहेत. 220 केव्हीचा पट्टा साधारण 35 मीटर रुंद. 200 मीटर लाइन गेली तर 70 आर झाले! केंद्राच्या सूचना राज्याने स्वीकाराव्या लागतात, म्हणून तुमच्या लाइनला कोणता शासन निर्णय लावला त्याची प्रत आणि हिशेबाचा तक्ता दोन्ही मागा. जमीन सातबाऱ्यावर तुमच्याच नावे राहते, पट्ट्यात घर मात्र बांधता येत नाही.

पीक आणि झाडांची भरपाई वेगळी. पाया, उभारणी आणि तार ओढणी, तिन्ही वेळा पंचनामा करून घ्या. डाळिंबाच्या झाडांची संख्या, वय आणि उत्पन्न त्यात लिहिलेले असावे. कोऱ्या पंचनाम्यावर सही नको. रक्कम कमी वाटली तरी धनादेश नाकारू नका, पावतीवर ‘हक्क राखून स्वीकारली’ असे लिहा आणि तार कायद्याच्या कलम 16(3) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करा. सोबत पंचनामे, सातबारा, फळविक्रीच्या पट्ट्या (पावत्या) आणि आसपासची खरेदीखते जोडा.