स्टुटगार्टला टीम लीड म्हणून येताय?

तुम्ही विचारलंय की पुण्यात दहा वर्षं टीम सांभाळली, आता जर्मनीत स्टुटगार्टला आठ जण हाताखाली येणार, तर तिकडच्या लोकांकडून काम कसं काढून घ्यायचं? हे 'काढून घेणं' चाकणलाच ठेवून या. माझं सुटायला दीड वर्ष लागलं.

पहिल्याच महिन्यात मी मीटिंगमध्ये एक तारीख जाहीर केली. टेस्टिंगचा पन्नाशीतला टेक्निशियन सगळ्यांदेखत म्हणाला, "दास गेट निष्ट." जमणार नाही. माझी कानशिलं तापली. आपल्याकडे 'हो सर, बघतो' म्हणाले असते आणि आदल्या रात्री फोन आला असता! मी तारीख रेटली आणि ती हुकली, त्याने सांगितलेल्याच कारणाने: टेस्ट बेंच, म्हणजे चाचणीची यंत्रणा, त्या आठवड्यात दुसऱ्या टीमकडे होता. पुढच्या वेळी मी तारीख त्यालाच विचारली, वर काय काय लागेल तेही. त्याने बेंचचं वेळापत्रक कागदावर आखून दिलं. स्वतः दिलेली तारीख त्याने एकदाही चुकवली नाही.

दर दोन तासांनी 'कुठवर आलं?' विचारू नका. कायद्याने दिवसाचे 8 तास, ताणून 10, आणि काम संपल्यावर सलग 11 तास विश्रांती. जादा तास लावायचे तर जिथे बेट्रीब्सराट, म्हणजे कामगारांनी निवडलेलं मंडळ आहे, तिथे त्याची संमती लागते. संध्याकाळी सातला फोन केलात की तुमचं नियोजन कच्चं आहे एवढंच समोरच्याला कळतं.

कौतुकाच्या बाबतीत स्टुटगार्टच्या आसपासचा हा श्वाबी मुलूख भलताच कंजूष. 'रागावलं नाही म्हणजे कौतुक झालं' अशी त्यांची म्हणच आहे. त्यांचं हे मात्र उचलू नका. 'ग्रेट जॉब' नुसतं हवेत जातं. 'तुझ्या त्या मोजणीमुळे सप्लायरची चूक सापडली' असं नेमकं सांगितलं की माणूस खुलतो, जर्मनसुद्धा.

टीममध्ये आपली भारतीय मुलं असतील तर त्यांची वेगळी काळजी घ्या. ती तुमच्या तोंडाकडे बघत बसतात. त्यांना मीटिंगआधी एकेकट्याने कॉफीवर विचारा, कुठे पटत नाही म्हणून.

आणि ऑगस्टमध्ये डिलिव्हरी ठेवू नका. इथे शाळांची सुट्टी जुलैअखेरीपासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते. पोराबाळांची माणसं तेव्हा जागेवर सापडत नाहीत.