एका राजपुत्राच्या खुनामुळे पहिले महायुद्ध झाले, हे खरे आहे का?

आपला प्रश्न असा आहे की, शाळेच्या पुस्तकात ‘साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि पहिले महायुद्ध पेटले’ असे एका ओळीत लिहिलेले असते. पण एका खुनासाठी एवढी राष्ट्रे रणांगणात का उतरली आणि पहिल्या काही महिन्यांत नेमके काय घडले?

खून झाला २८ जून १९१४ रोजी आणि ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले ४ ऑगस्टच्या रात्री. मधले ३७ दिवस पुस्तकातल्या त्या एका ओळीत गडप होतात. माझ्या मते युद्धाची खरी कारणे त्या ३७ दिवसांत शोधायला हवीत. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. रेल्वेच्या परिचालन विभागात माझी बत्तीस वर्षे गेली, त्यांतली बरीचशी कंट्रोल ऑफिसात, म्हणजे जिथून गाड्यांची धाव आखली जाते तिथे, चार्टसमोर बसून. या युद्धाकडे मी वळलो तो त्याच वाटेने, कारण त्या उन्हाळ्यात युरोपातल्या राजांच्या आणि मंत्र्यांच्या हातांतून निर्णय निसटत गेले, ते बऱ्याच अंशी रेल्वेच्या वेळापत्रकांमुळे.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १८७१ च्या पराभवात फ्रान्सने अल्सास आणि लोरेनचा काही भाग जर्मनीकडे गमावला होता, आणि तो सल गेलेला नव्हता. १८७९ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांचा करार झाला, तर १८९४ पर्यंत फ्रान्स आणि रशिया एकत्र आले. पुढे ब्रिटनने १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी जुने तंटे मिटवले. जर्मनीने आरमार वाढवण्याचा हट्ट धरल्यामुळे ब्रिटन आणखी दुरावला. तिकडे बाल्कनमध्ये ऑस्ट्रियाने १९०८ साली बोस्निया आपल्या राज्याला जोडून घेतला आणि १९१२-१३ च्या दोन बाल्कन युद्धांत सर्बियाचा मुलूख जवळजवळ दुप्पट झाला. आपल्या राज्यातील स्लाव प्रजा उद्या सर्बियाकडे ओढली जाईल, ही व्हिएन्नाची, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सरकारची धास्ती होती. रशियाची लष्करी वाढ १९१७ च्या सुमारास पूर्ण होणार, मग आपण त्याला कधीच पुरे पडणार नाही, ही बर्लिनची धास्ती होती. पण अशी धास्ती युरोपात त्याआधीही होती, आणि त्याआधीची संकटे युद्धाशिवाय निभावली होती. म्हणून ‘युद्ध अटळच होते’ असे म्हणणे मला पटत नाही.

खुनाचा प्रसंग आपण वाचला असेलच. बोस्नियाची राजधानी साराजेव्हो येथे सकाळी एका कटवाल्याने फेकलेला बाँब मागच्या गाडीजवळ फुटला. युवराज फ्रान्झ फर्डिनांड त्यातून बचावले. पुढे चालकाने चुकीचे वळण घेतले, गाडी थांबली, आणि जवळच उभ्या असलेल्या १९ वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपने युवराज आणि त्यांची पत्नी सोफी यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच गाडीत बोस्नियाचा लष्करी गव्हर्नर ऑस्कार पोटिओरेक बसलेला होता. हे नाव लक्षात ठेवा.

ऑस्ट्रियाने खुनाचा ठपका सर्बियावर ठेवला, पण त्यानंतर लगेच काहीच झाले नाही, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. ऑस्ट्रियाचा सेनाप्रमुख कॉनराड सर्बियाविरुद्धच्या युद्धासाठी उतावीळ होता, पण हंगेरीचा पंतप्रधान तिसा याचा त्याला विरोध होता. शिवाय जर्मनी पाठीशी आहे की नाही, हे विचारणे भाग होते. ५ जुलै रोजी पॉट्सडाम येथे जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्मने ऑस्ट्रियाच्या राजदूताला पूर्ण पाठिंब्याचे आश्वासन दिले आणि दुसऱ्या दिवशी चॅन्सेलर (पंतप्रधान) बेथमान-होल्वेगने त्याला दुजोरा दिला. इतिहासात याला ‘कोरा चेक’ म्हणतात. चेक देऊन कैसर नॉर्वेच्या सागरी सफरीवर निघून गेला. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत गंभीर निर्णय वाटतो, कारण इथून पुढे व्हिएन्नाच्या पावलांचा हिशेब बर्लिनला चुकवावा लागणार होता, आणि ती पावले कुठे पडतील यावर बर्लिनने काहीही अट घातली नव्हती.

तरीही व्हिएन्नाने आणखी अडीच आठवडे घालवले. याची कारणे ऐकली तर आश्चर्य वाटते. बरेच सैनिक पिकांच्या कापणीसाठी रजेवर होते, आणि त्यांना एकदम परत बोलावले तर बेत फुटला असता. दुसरे असे की, फ्रान्सचे अध्यक्ष पोआंकारे रशियाच्या भेटीवर होते. फ्रान्स आणि रशियाचे नेते एकत्र बसलेले असताना सर्बियाला निर्वाणीचा खलिता द्यायला नको, म्हणून त्यांचे जहाज परतीला लागेपर्यंत थांबायचे ठरले. २३ जुलैच्या संध्याकाळी ६ वाजता सर्बियाची राजधानी बेलग्रेडमध्ये तो खलिता देण्यात आला, उत्तराला ४८ तास. सर्बियाने मुदत संपायला काही मिनिटे असताना उत्तर दिले. त्यात बहुतेक मागण्या मान्य होत्या किंवा गोलमोल शब्दांत स्वीकारलेल्या होत्या. आपल्या भूमीवरच्या न्यायालयीन चौकशीत ऑस्ट्रियाचे अधिकारी भाग घेतील, ही मागणी मात्र सर्बियाने नाकारली. ऑस्ट्रियाच्या राजदूताचे सामान आधीच बांधलेले होते. साडेसहाच्या गाडीने त्याने बेलग्रेड सोडले. सफरीवरून परतलेल्या कैसरने ते उत्तर २८ जुलैच्या सकाळी वाचले, तेव्हा ‘आता युद्धाचे कारणच उरले नाही’ असा शेरा त्याने मारला. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने तारेने युद्ध पुकारले.

आता वेळापत्रकाकडे येतो. एखाद्या जत्रेसाठी चार जादा गाड्या सोडायच्या म्हटल्या, तरी कंट्रोलमध्ये आमची काय धावपळ उडायची ते मी पाहिले आहे. प्रत्येक गाडीला पाथ (मोकळा मार्ग आणि वेळ) द्यायचा, समोरून येणारीला लूपमध्ये (बाजूच्या रुळावर) घ्यायचे, आणि रिकामा रेक (डब्यांचा संच) वेळेवर परत आणायचा. एक गाडी चुकली की मागची दहा चुकतात. जर्मन सैन्याच्या फक्त एका कोअरला (एकाहून अधिक डिव्हिजनांच्या मोठ्या दलाला) ६,०१० डबे, म्हणजे १४० गाड्या लागत, आणि तेवढ्याच गाड्या पुन्हा तिच्या रसदीसाठी. असे सुमारे चाळीस कोअर हलवायचे होते. २ ते १८ ऑगस्ट या काळात कोलोनच्या ऱ्हाईन नदीवरील एकाच पुलावरून २,१५० गाड्या गेल्या, म्हणजे साधारण दर दहा मिनिटांनी एक. हा चार्ट वर्षानुवर्षे राबून तयार केलेला होता, आणि तो फ्रान्सच्या दिशेचा होता. रशियाशी भांडण झाले तरी आधी बेल्जियममधून जाऊन सहा आठवड्यांत फ्रान्सला लोळवायचे आणि मग पूर्वेकडे वळायचे, ही ती योजना. त्यात लीएज हे बेल्जियमचे जंक्शन पहिल्या काही दिवसांतच हाती यायला हवे होते. म्हणून इतर देशांत सैन्याची जमवाजमव करून वाटाघाटी चालू ठेवता येत होत्या, पण जर्मनीची जमवाजमव म्हणजे युद्धच होते.

सर्बियाचा पाठीराखा असलेल्या रशियात उलटी अडचण होती. झार निकोलसला केवळ ऑस्ट्रियाच्या सीमेवर, म्हणजे अंशतः जमवाजमव करायची होती. सेनापतींनी सांगितले की, तशी योजनाच तयार नाही, आणि अर्धवट हलवाहलव केली तर पुढे संपूर्ण जमवाजमव विस्कटेल. हे त्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते, असे मी माझ्या अनुभवावरून म्हणेन. संपूर्ण जमवाजमवीचा दिलेला हुकूम झारने २९ जुलैच्या रात्री कैसरची तार आल्यावर मागे घेतला. ३० तारखेला परराष्ट्रमंत्री साझोनोव्हने तासभर मन वळवल्यावर तो पुन्हा दिला. सेनाप्रमुख यानुश्केविचने आधीच ठरवले होते की, या वेळी हुकूम मिळाला की टेलिफोन फोडून टाकायचा, म्हणजे तो रद्द करायला कोणाला आपण सापडणार नाही. साझोनोव्हने त्याला कळवले की, आता टेलिफोन फोडायला हरकत नाही.

१ ऑगस्टच्या संध्याकाळी बर्लिनमध्ये जे घडले, ते मला सर्वांत बोलके वाटते. जमवाजमवीच्या हुकुमावर सही झाली, आणि एवढ्यात लंडनमधल्या जर्मन राजदूताची तार आली की, जर्मनीने फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन तटस्थ राहील असे दिसते. कैसरला आनंद झाला. त्याने सेनाप्रमुख मोल्टकेला सांगितले की, आता सगळे सैन्य पूर्वेकडे न्या. मोल्टकेने उत्तर दिले की, हे होणे नाही. लाखोंच्या सैन्याची मांडणी आयत्या वेळी बदलता येत नाही. कैसरने निदान लक्झेंबर्गमध्ये शिरणारी डिव्हिजन थांबवायला लावली. पण उल्फ्लिंगेन नावाच्या लहानशा स्टेशनात एक तुकडी आधीच पोहोचली होती. तिने तारघर ताब्यात घेतले, रूळ उखडले, आणि अर्ध्या तासाने ‘चूक झाली’ म्हणून तिला परत बोलावले गेले. रात्री अकराच्या सुमारास लंडनचा खुलासा आला की, तसा काही प्रस्तावच नाही. तेव्हा कैसरने मोल्टकेला ‘आता हवे ते करा’ असे सांगितले. युद्धानंतर जर्मन लष्कराच्या रेल्वे विभागाचे माजी प्रमुख श्टाब्स यांनी पुस्तक लिहून दाखवून दिले की, निम्म्याहून अधिक सैन्य पूर्वेकडे वळवता आले असते. वेळापत्रक माणूस बनवतो आणि माणूसच ते मोडू शकतो, हे आमच्या धंद्यातल्या कोणालाही माहीत असते. मोल्टकेला ते मोडायचे नव्हते.

३ ऑगस्टला फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले गेले आणि ४ ऑगस्टला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरले. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या तहात खुद्द प्रशियाने दिलेली होती. ब्रिटिश मंत्रिमंडळ तोवर दुभंगलेले होते. या आक्रमणाने ते एकत्र आले.

सुरुवातीच्या मोहिमेचे वर्णन सविस्तर करायला ही जागा अपुरी आहे, पण तिचा गाभा पुन्हा रेल्वेतच आहे. लीएजच्या बारा किल्ल्यांतला शेवटचा १६ ऑगस्टला पडला, तोही ४२० मिलिमीटरच्या अजस्र तोफा आणल्यावर. जर्मनांच्या हातून बेल्जियममधल्या लुव्हाँ शहरातले ग्रंथालय जाळले गेले, दिनाँ येथे ६७४ नागरिक मारले गेले. फ्रेंचांचे लोरेन आणि आर्देनमधले हल्ले पार मोडून पडले. एकट्या २२ ऑगस्टला त्यांचे सुमारे २७,००० सैनिक ठार झाले, आणि त्या आकड्यापाशी मी दर वेळी थबकतो. पण जर्मन पुढे जात होते ते पायी. बेल्जियनांनी पूल आणि बोगदे उडवले होते, रेल्वेचे शेवटचे टोक मागे पडत होते, आणि उजव्या टोकाच्या सेनापती क्लुकच्या सैन्यात ८४,००० घोडे होते, ज्यांच्या चाऱ्याची सोय होईना. उलट फ्रेंच सेनापती जॉफ्र मागे हटत हटत आपल्याच शाबूत रेल्वेजाळ्यावर येत होता, आणि पूर्वेकडच्या डिव्हिजना गाड्यांत भरून पॅरिसजवळ आणत होता. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मार्न नदीवर जर्मन सैन्याला माघार घ्यावी लागली. पॅरिसच्या टॅक्सींनी सैनिक आघाडीवर नेल्याची गोष्ट खरी आहे, पण त्या एका डिव्हिजनचाही मोठा भाग आगगाडीनेच गेला होता. मोल्टकेचे पद गेले. पूर्वेस रशियाने जर्मनीच्या अपेक्षेपेक्षा लवकर चढाई केली, टॅनेनबर्गला तिचा दारुण पराभव झाला. पण त्या भीतीने मोल्टकेने पश्चिमेकडून काढून पाठवलेल्या दोन कोअर लढाई संपल्यावर तिथे पोहोचल्या. मार्नवर त्यांचीच उणीव भासली, असे अनेकांचे मत आहे. नोव्हेंबरपर्यंत समुद्रापासून स्वित्झर्लंडपर्यंत खंदक खणले गेले होते.

यात आपली माणसेही होती, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. व्हाइसरॉयने हिंदुस्थान युद्धात असल्याचे परस्पर जाहीर केले. २६ सप्टेंबरला लाहोर डिव्हिजनचे शिपाई मार्सेय बंदरात उतरले आणि ऑक्टोबरअखेर पातळ खाकी गणवेशात बेल्जियममधल्या ईप्रच्या चिखलात लढत होते. तुर्कस्तानशी ब्रिटनचे युद्ध ५ नोव्हेंबरला सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड इराणी आखाताच्या टोकाशी फाओ येथे उतरली, तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. मंडालेहून टिळक पुण्याला परतून तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यासारख्या गावांतल्या किती घरांनी साराजेव्होचे नाव ऐकले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता पोटिओरेक. युवराजाच्या गाडीत बसलेल्या त्याच गव्हर्नरला सर्बियावरच्या स्वारीचे सेनापतिपद मिळाले. ऑगस्टमध्ये त्सेर डोंगरावर सर्बांनी त्याला परतवले. सर्बांचा वृद्ध सेनापती पुटनिक जुलैअखेर ऑस्ट्रियातल्या आरोग्यधामातून परतताना बुडापेस्टमध्ये अडकला होता, आणि सम्राट फ्रान्झ योझेफने त्याला मायदेशी जाऊ दिले होते. २ डिसेंबरला पोटिओरेकने बेलग्रेड घेतले. पुटनिकने लगेच प्रतिहल्ला चढवला आणि १५ डिसेंबरला ते परत मिळवले. पोटिओरेकला घरी बसवण्यात आले. ज्या सर्बियाला धडा शिकवायचा म्हणून हे सारे सुरू झाले, त्याच्या भूमीवर वर्ष संपताना कैद्यांखेरीज एकही ऑस्ट्रियन शिपाई उरला नव्हता.