फ्रॉइडची 'ड्राइव्ह' म्हणजे सहजप्रवृत्तीच ना?

तुम्ही विचारलंय की मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडची 'ड्राइव्ह', म्हणजे माणसाला आतून ढकलणारी प्रेरणा, आणि प्राण्यांची सहजप्रवृत्ती एकच का, आणि भूक त्यात मोडते का.

एक नाही. पण हा घोळ तुमचा नाही, भाषांतराचा आहे. फ्रॉइड या ड्राइव्हला जर्मनमध्ये 'ट्रीब' लिहितो. जेम्स स्ट्रेचीच्या इंग्रजी आवृत्तीत त्याचं 'इन्स्टिंक्ट', म्हणजे सहजप्रवृत्ती, झालं, आणि आपण ते तिथून उचललं. मराठीत मला 'रेटा' हा शब्द जवळचा वाटतो.

मी मंडणगडकडचा. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यावरची टोपली उचलली की पिल्लं समुद्राकडच्या उजेडाकडे तुरुतुरु निघतात. कुणी शिकवलेलं नसतं, तरी सगळ्यांची वाट एकच. (म्हणून तर बॅटरी मारणाऱ्या पाहुण्यांवर गाववाले ओरडतात, भलत्या उजेडाने पिल्लू चुकतं.) ही सहजप्रवृत्ती.

आता माझा भाचा. दीड वर्षाचा असताना पोट भरलेलं असलं तरी अंगठा चोखायचा. आईने, म्हणजे त्याच्या आजीने, अंगठ्याला कोरफडीचा कडू गर चोळला. दोन दिवस रडला, मग गोधडीचं टोक तोंडात. गोधडी धुवायला टाकली तर माझ्या बहिणीच्या ओढणीचं टोक! 1905च्या निबंधांत फ्रॉइड अंगठा चोखण्याबद्दल हेच म्हणतो: दूध पिताना ओठांना जे सुख मिळालं, ते पुढे भुकेपासून सुटं होऊन स्वतंत्रपणे मागितलं जातं. 1915च्या लेखात त्याने याची मांडणी केली. रेट्याचा उगम शरीरात असतो, इथे तोंड. उद्दिष्ट म्हणजे तो ताण शमवणं. ज्याच्यामार्फत शमतो ती वस्तू मात्र सगळ्यांत बदलती, अंगठा काय नि ओढणी काय. कासवाच्या पिल्लाला अशी अदलाबदल परवडत नाही. आणि जोर सततचा. डोळ्यांवर उन्हाची तिरीप आली तर माणूस पडवीत सरकेल, आतल्या रेट्यापासून सरकणार कुठे?

भुकेचं उत्तर: हो, मोडते. सुरुवातीला फ्रॉइडने या रेट्यांचे दोन गट केले, स्वतःला जगवणाऱ्या प्रेरणा आणि लैंगिक प्रेरणा. भूक पहिल्या गटात. 1920मध्ये त्याने दोन्ही गट जीवनप्रेरणेत घातले आणि समोर मृत्युप्रेरणा उभी केली. युद्धावरून परतलेले सैनिक स्वप्नात पुन्हापुन्हा तोच भयंकर प्रसंग का बघतात, याचा उलगडा सुखाच्या ओढीने होईना, हे त्यामागचं एक कारण. त्याच्या अनुयायांतही अनेकांना हे पटलं नाही. मलाही सैनिकांची अडचण खरी वाटते, पण त्यावरून सजीवमात्राला निर्जीवाकडे परतायची ओढ असते इथवर जाणं फार लांबची उडी वाटते.

भाचा आता चौथीत आहे. अंगठा कधीच सुटला. शर्टाची कॉलर मात्र रोज ओली असते.