चिखलदऱ्याला निघण्यापूर्वी

प्रिय बेटा,

परवा तुझी गाडी उन्हात उभी पाहिली. बॉनेटवर कापड फिरल्याच्या गोल रेघा शोधल्या, एकही दिसली नाही. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत पत्र्यावर बसू द्यायचे नाहीत, म्हणून तू दोन बादल्या घेऊन पहाटेच गाडी धुतोस. ही निष्ठा मला मनापासून आवडते. आता तीच गाडी घेऊन पावसाळ्यात चिखलदऱ्याला निघालास. जरूर जा.

पण आपण सगळे वर्धा रोडसारख्या सरळ रस्त्यांवर गाडी शिकलेले. परतवाडा सोडलं की मेळघाटचे डोंगर सुरू होतात आणि चिखलदरा आहे 1,118 मीटरवर. वर अरुंद रस्ता, आंधळी वळणं, धुकं. मला तुझी काळजी वाटते ती तिथली, आणि तीसुद्धा तुझ्या रंगाच्या प्रेमामुळे. कडेची फांदी दाराला घासेल म्हणून तू नकळत रस्त्याच्या मधोमध येशील, आणि नेमकी त्याच वळणावर समोरून एसटी येईल. फांदी घासू दे. ओरखडा तू रविवारी पॉलिशने काढशील.

टायर काळे चमकवायचं सिलिकॉन फक्त बाजूला लाव, रस्त्याला टेकणाऱ्या भागावर थेंबही नको. माझ्या हातून एकदा ते सगळीकडे लागलं होतं. ओल्या वळणावर गाडी बाहेर सरकत गेली आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. शेजारी तुझी काकू होती. पुढे कितीतरी वेळ आम्ही दोघं बोललो नाही.

डॅशबोर्डही चमकवू नकोस, त्याची चकाकी समोरच्या काचेत उतरते. काच आतून पुसून घे.

आता ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट 4 प्रकारचं ब्रेक ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की हीच मर्यादा 155 पर्यंत खाली येऊ शकते. उतारावर पाय ब्रेकवर ठेवूनच आलास तर ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जातं. तुझं ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर निघण्याआधी बदल. ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर, म्हणजे गाडी इंजिन धरून ठेवतं. वळणाच्या आधी ब्रेक दाब, मग सोड. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्याला आधी जाऊ दे, नियमही तोच आहे.

खाली आल्यावर तुझे हात चाकं धुवायला शिवशिवतील. ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारू नकोस, ती वाकडी होऊ शकते. हात लावून बघता येईल इतकी चाकं निवू दे. आणि धुण्याआधी पुढच्या चाकांवरची काळी पूड नीट बघ. ब्रेक जितका घासला तितकी ती दाट. त्या चाकांचा फोटो काढ आणि मला पाठव, पाणी मारण्याआधीचा.

तुझा,
काका